तड्यावर मारलेला पिवळा रंग

मी, दीक्षा जानू हाटे, वय वर्षे सव्वीस, राहणार बौद्धवाडी, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. कोणी सांगितले किंवा धाक घातला म्हणून लिहीत नाही. घाबरूनही लिहीत नाही. (हे खरे नाही, म्हणून दुरुस्त करते. घाबरले आहे, पण डोके ठिकाणावर आहे.) पोकलेन आणि डंपर धुणे व त्यांना ग्रीस करणे हे माझे काम आहे. अर्धा दिवस मी लोखंडाखाली आडवी असते. त्यामुळे माझे वय पाहून हा कागद हसण्यावारी नेऊ नये.

कलम १. राहते घर वडिलांच्या नावावर आहे, त्याबद्दल मला काही लिहिता येत नाही. बँकेत माझे जे असेल ते आई येसूबाई हिला मिळावे. तिला सही येत नाही. धाकटी बहीण रेश्मा हिने तिच्यासोबत जावे आणि तिला बाहेर बाकावर बसवून न ठेवता आत न्यावे.

कलम २. दर मार्चला चवदार तळ्यावरच्या स्टॉलवरून घेतलेली माझी सगळी पुस्तके रेश्माला. तिने 'नंतर वाचते' म्हणणे बंद करावे.

कलम ३. ग्रीस गन बाबांना परत. ती मुळात त्यांचीच. मालक विपुलशेठ यांच्या यार्डात बाबा वीस वर्षे हेच काम करतात आणि मलाही त्यांनीच शिकवले. आधी माती खरवडायची, मग पाणी मारायचे, मग ग्रीस भरायच्या तोंडाचा प्रत्येक निप्पल कोरड्या चिंधीने पुसायचा, नाहीतर ग्रीसबरोबर माती आत जाते. जुने काळे ग्रीस बाहेर येऊन मागून नवे दिसेपर्यंत गन दाबायची. "धुनं म्हंजे नुसतं साफ करनं नाय गो," ते म्हणायचे, "बघनं हाय." चिखलाखाली काय लपले आहे ते धुतल्यावरच कळते.

कलम ४. "पोरीनं आता पोकलेन धुवायची काय?" असे म्हणून जे ऑपरेटर हसले त्यांना मी काही ठेवत नाही, रागसुद्धा नाही. थोडा आहे. एकटे सुनील उतेकर, राहणार कापडे, मशीन यार्डात आणण्याआधी तिचे पट्टे स्वतः खरवडून आणायचे. "आली मास्तरीण तपासायला! आज तरी पास कर गो," असे म्हणायचे. मी वहीत सगळे लिहून ठेवते, म्हणून मास्तरीण.

कलम ५. निळ्या पुठ्ठ्याची माझी वही, त्यात काय आहे हे सांगणे भाग आहे.

गेल्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सुनील यांची पोकलेन धुताना बूमच्या, म्हणजे तिच्या लांब लोखंडी हाताच्या, मोठ्या पिनेजवळ, वेल्डिंगच्या कडेने, वीतभर तडा दिसला. मी खडूने गोल केला, फोटो काढला, वहीत लिहिले आणि विपुलशेठना दाखवले. ते म्हणाले, "दसरा होऊ दे, वेल्डर बोलवतो." सुनील त्या दिवशी सुट्टीवर होते. दुसऱ्या दिवशी पूजेसाठी सगळ्या मशिनी रंगवल्या. रंगारी भिकू पार्टे यांनी माझ्या खडूवरूनच पिवळा हात फिरवला. तो गोल कशाचा हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मी आले तेव्हा मशीनला हार घातलेला होता. पूजा झालेल्या मशीनला आणि हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, अशी यार्डाची रीत आहे. मी ती पाळली.

दसऱ्यानंतर मशीन घाटात जाणार म्हणून तपासणीचा कागद हवा होता. शेठ म्हणाले, "वेल्डर तिकडेच येतोय, तू सही कर." मी लिहिले, 'धुतले, ग्रीस केले, दोष नाही' आणि सही केली. आमच्या घरात सही येणारी मी पहिली.

वेल्डर आला नाही. तिसऱ्या दिवशी धोंडा उचलताना बूम तुटली आणि मशीन दरीत कलंडली. सुनील गेले. चौकशीत माझा कागद दाखवला गेला आणि चूक ऑपरेटरची ठरली. मला कोणी विचारले नाही, मीही सांगितले नाही. बाबा म्हणाले, "बोललीस तर दोघांचं बी काम जाईल. नाय बोललीस तर तुझं तुला म्हायत. शिकलेली तू हायस."

माझ्या मृत्यूनंतर ही वही व फोटो सुनील यांच्या पत्नी निशाताई यांना द्यावेत.

कलम ६. मी मशीनखाली गेल्यास ती धुण्याआधी सर्व बाजूंनी फोटो काढावेत. महिनाभर कोणीही तिला रंग लावू नये.

दुरुस्ती, त्याच दिवशी. साक्षीसाठी भिकूकाकांना बोलावून वरील मजकूर वाचून दाखवला. रंगाचे ऐकून त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिले. मग म्हणाले, "म्हंजे तू मरंपर्यंत सुनील चुकलेलाच ऱ्हानार? तू सव्वीसची हायस गो."

कलम ५ मधले शेवटचे वाक्य मी रद्द करते. आम्ही दोघे दुपारी कापड्याला गेलो आणि वही व फोटो निशाताईंच्या हातात दिले. त्यांनी उंबऱ्यातच उभ्याने सगळे वाचले. मग म्हणाल्या, "तीन महिने लोक मला ऐकवतायत, तुझा नवरा बेफिकीर व्हता. तू रोज ह्याच रस्त्यानं जायचीस." मी हो म्हटले.

उद्या सोमवारी भिकूकाका, निशाताई आणि मी पोलादपूरला पोलिसांत जबाब देणार आहोत. माझ्या सहीबद्दल जे होईल ते मी भोगीन. बाबांना घरून निघतानाच सांगितले. ते ग्रीस गन पुसत बसले.

निशाताईंना आता या मृत्युपत्राने काही मिळायचे नाही, म्हणून त्या साक्षीदार होऊ शकतात. त्यांनी सही करण्याआधी एक वाक्य घालायला लावले, ते त्यांच्याच शब्दांत लिहिते: "मी हिला माफ केलेलं नाय. मी फक्त साक्षीदार हाय."

ठिकाण: कापडे, ता. पोलादपूर
दिनांक: १८ जानेवारी २०२६

दीक्षा जानू हाटे (सही, दोघांच्या समोर)

साक्षीदार:
१. भिकू पार्टे, रंगारी (डाव्या हाताचा अंगठा)
२. निशा सुनील उतेकर (सही)