सात रेघा

ताईसाहेब,

मी डॉक्टरांकडे चाललोय. घाबरू नकोस, पडलोबिडलो नाही. आपणहून चाललोय.

माझा उजवा हात थरथरतो हे तुझ्या लक्षात आलंय, हे मला कधीच कळलं होतं. म्हणून तर मी चहा अर्धाच कप मागायचो आणि काम बिघडलं की ब्रशच्या नावाने खडे फोडायचो. मागच्या रविवारी तू म्हणालीस, "बाबा, रोज सकाळी एक रेघ मारा आणि तिच्याकडे नीट बघा." मी केवढा डाफरलो! चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याला ही पोरगी रेघ मारायला सांगते!

पण मारल्या. एका जुन्या पाटीच्या मागे सात दिवसांच्या सात रेघा आहेत. पहिली तर बघवेना. चौथ्या दिवशी लक्षात आलं, ब्रश टेकवतानाच हात हलतो. पुढे रेघ बरी जाते. दोन महिने मनात नुसती भीती होती, आता डॉक्टरांना विचारायला तीन प्रश्न आहेत. पाटी सोबत नेतोय.

बेकरीची पाटी संध्याकाळी द्यायची आहे. उरलेली चार अक्षरं तू काढ. खाली कोपऱ्यात माझं नाव असतं, तिथे या वेळी तुझं घाल. तुझी रेघ माझ्यापेक्षा सरळ जाते, हे मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. सांगायला जीभ रेटत नव्हती.

बाबा