दीप्तीच्या दारावरचा कागद

गुदैबिया, बहरीन
गुरुवार, २७ मार्च २०२५

प्रिय सॅब्रिनाताई,

तुला, भावोजींना आणि गॅविनला माझा प्रेमाचा सलाम. इथे मी ठीक आहे. उपवासकाळ पाळतोय, म्हणजे मटण सोडलंय. चिडणं काही सुटलेलं नाही. जयेश रविवारी वसईला निघतोय, त्याच्याबरोबर खजूर आणि हे पत्र देतोय. फोनवर बोलता आलं असतं, पण तू मध्येच हसतेस, आणि तू हसलीस की मी मूळ गोष्ट गिळून टाकतो.

गुड फ्रायडेच्या नाटकाचं काय चाललंय, असं तू दोनदा विचारलंस. चाललंय. संहिता पप्पांचीच, माणसं वीस-बावीस, सगळी आपल्याकडची. पिलाताचे शिपाई तलवारीपेक्षा मोबाईलच जास्त वेळ धरून असतात. येशूला क्रुसावर चढवा म्हणून ओरडणाऱ्या गर्दीचा पप्पांचा प्रवेश मला जरा पुळचट वाटायचा, म्हणून मी त्यात यहुद्यांवरची चार वाक्यं नवी घातली. सध्या बातम्या तापलेल्या आहेत, टाळ्या पडणार हे दिसत होतं. तुला पाठवली, तुलाही आवडली, तू ती तिकडच्या मुलांच्या नाटकात घेतलीस. इथवर तुला माहीत आहे.

प्रॉम्प्टिंगला दीप्ती नवगावकर होती. आमच्याच हॉस्पिटलच्या लॅबमधली, आमच्याच बिल्डिंगमधली, मूळची अलिबागकडची. इथली पोरं इंग्रजी शाळेतली, त्यांना मराठी कागद वाचून दाखवायला कुणीतरी लागतं, आणि दीप्तीचं वाचन खणखणीत. नवगावकर म्हणजे कोकणातली हिंदू, हे आम्ही तिला न विचारताच ठरवून टाकलं होतं.

नव्या वाक्यांचा कागद दिला, तो तिने वाचला, घडी घातली आणि मला जिन्यात बोलावलं.

"अँथनी, मी बेने इस्रायल आहे. यहुदी. इथे कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगतेय, कारण हे मला वाचता येणार नाही."

मी म्हटलं, "अगं, नाटक आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट."

"युरोपात गुड फ्रायडेला असंच काही ऐकून लोक बाहेर पडायचे आणि शेजारच्या यहुद्यांची घरं फोडायचे. पुढे जर्मनीत सरकारनेच आम्हाला उंदीर म्हणायला शिकवलं. मग आगगाड्या भरून माणसं मारायला नेली, तेव्हा बघणाऱ्यांना फारसं काही वाटलं नाही. आधी शब्दच येतात रे. आमच्या गावात आम्हाला शनवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. तेवढंच. मराठीत असलं काही मी पहिल्यांदा वाचलं, आणि तेही तुझ्या अक्षरात."

मला राग आला, ताई. लाज वाटायला हवी होती, पण आला तो राग. मी दोन महिने राबतोय आणि ही मला इतिहास शिकवते!

आता सोमवारचं सांगतो. सकाळी ड्युटीला निघालो होतो, तेवढ्यात समोरच्या नसीमाआपा, लाहोरच्या, हातात कागद घेऊन आल्या. दीप्तीच्या दारावर कुणीतरी चिकटवला होता. "अँथनी भाई, ये आप लोगों की मराठी है ना? ज़रा पढ़ के बताओ, कुछ ज़रूरी तो नहीं?"

'सापांची अवलाद! यांना दारात उभं करू नका!'

माझंच वाक्य. उद्गारचिन्हंसुद्धा माझी. या बिल्डिंगमध्ये मराठी लिहिणारे आम्ही पाच-सहा जण, आणि सगळे नाटकातले.

मी म्हटलं, "कुछ नहीं आपा. पानी बंद रहेगा, ऐसा लिखा है." आणि लिफ्टमध्ये शिरलो.

आपांचे बिचाऱ्यांचे रोजे चालू. तरी त्यांनी तो कागद दिवसभर जपून ठेवला आणि दीप्ती कामावरून आल्यावर तिच्या हातात दिला. "बेटी, पानी भर लो. अँथनी भाई ने पढ़ के बताया है." दीप्तीने वाचला आणि आपांसमोर मुकाट्याने दोन बादल्या भरल्या. हे मला आपांनीच सांगितलं, मंगळवारी, पाणी तर गेलंच नाही म्हणून विचारायला आल्या तेव्हा. दीप्ती आता आमच्या हॉस्पिटलच्या व्हॅनने येत नाही. फ्लॅट सोडायचं तिने मालकाच्या कानावर घातलंय.

तिने फक्त मला सांगितलं होतं, मग बाकीच्यांना कसं कळलं, असं तू विचारशील. तिने वाचायला नकार दिला त्याच आठवड्यात, नाटकाचे कपडे शिवणाऱ्या बेनिटाने सगळ्यांसमोर विचारलं, दीप्ती का नाही आली? मी म्हणालो, "ती यहुदी निघाली. आपलं नाटक झोंबलं तिला." सगळे हसले. मीही हसलो.

गॅविनचा ऑडिओ काल मिळाला. सात वर्षांचं पोर ते सापांचं वाक्य काय ठसक्यात म्हणतंय, आणि मागून तू शाबास म्हणतेयस. मला तो पुरता ऐकवला नाही. ताई, ती चारही वाक्यं काढून टाक. मुलं आपोआप विसरतील म्हणून गप्प बसू नकोस. मामाने वाईट लिहिलं होतं, असं त्यांना माझं नाव घेऊन सांग.

शुक्रवार, दुपार

सकाळी प्रॅक्टिसला सगळं सांगून टाकलं. कागद कुणी लावला ते कुणी कबूल केलं नाही. बेनिटा म्हणाली, "वाक्यं काढायची तर काढू, पण तिने आधीच नाही का सांगायचं?" मी प्रत्येकाचा कागद हातात घेऊन वाक्यं खोडली.

मग दीप्तीकडे गेलो. तिने साखळी न काढता दार किलकिलं केलं. मी म्हटलं, "तू यहुदी आहेस, हे मीच बोललो सगळ्यांत."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुझ्याशिवाय कुणाला सांगितलंच नव्हतं."

पुढचं बोलायला मी तोंड उघडलं, तोवर तिने दार लावून घेतलं.

माफीचा शब्दही वेळेवर न सुचलेला,
तुझा भाऊ
अँथनी