बंद करू नये

बाबा, शुक्रवारी आमच्या लॅबमधल्या नव्या मुलीने मला तिच्या फोनवर एक आवाज ऐकवला. जुन्या कंप्युटरची घरघर, तीही एकसुरी, तासभराची. लोक ती लावून झोपतात म्हणे, अभ्यास करतात, आणि खाली लिहितात की काय ते दिवस होते. मुलगी तेवीस वर्षांची आहे, पालघरहून येते, गुणी आहे. तिने विचारलं, "मॅडम, तुमच्या वेळचं ना हे? आठवण येते का हो?" मी म्हटलं, "अगं, खूप." आणि हसले. आज रविवार आहे, दुपारची वेळ, घरात कोणी नाही आणि तो आवाज अजून कानातून जात नाही. मला खरोखर त्याची आठवण येते की नाही हे कुणाला तरी विचारायला हवं, तर तो आवाज माझ्याशिवाय नीट ऐकलेला माणूस तू एकटाच. तू गेलास त्याला सतरा वर्षं झाली. लिहिते आहे तो कागदही त्याच काळातला आहे, दोन्ही कडांना भोकं असलेला, घडीघडीचा. ते प्रिंटर केव्हाच भंगारात गेले, कागदाचं एक खोकं मात्र माझ्याकडे राहिलं, आणि इतकी वर्षं वाणसामानाच्या याद्या करूनही ते संपत नाही.

पालघरच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन मी बाहेर पडले आणि बोईसरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात लागले, तेव्हा तू अख्ख्या नवापुरात सांगत फिरला होतास की माजी पोरगी कंप्युटरवर बसते. लॅबच्या कोपऱ्यात काच लावून एक खोली केली होती आणि तिच्यात ते यंत्र एखाद्या नव्या सुनेसारखं जपून ठेवलं होतं. त्याला शिवलेलं कापडी झाकण होतं, एसी त्याच्यासाठी होता, आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. सकाळी बटण दाबलं की आधी आतून एक खटका यायचा, मग आवाज हळूहळू चढायचा आणि एका पट्टीवर जाऊन स्थिर व्हायचा. संध्याकाळी घरी येऊन भात टाकला तरी तो कानात चालूच असायचा. माझं काम म्हणजे कारखान्यातून बाहेर सोडायच्या पाण्याची रोज तपासणी व्हायची, तिचे आकडे त्यात भरायचे. ते पाणी नाल्यात, नाला खाडीत, आणि खाडीच्या तोंडाशी तुझं जाळं. आपल्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मी नोकरीला लागल्याचा आनंद इतका होता की त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

तू एकदाच तिथे आलास. साहेबांना द्यायला टोपलीत पापलेट घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. साहेब घाटावरचे, शुद्ध शाकाहारी. टोपली त्यांनी दोन बोटांनी धरली, तोंडभर हसले आणि शिपायाकडे दिली. तो महिनाभर तुझं नाव काढत होता. मग तू चपला काढून काचेच्या खोलीत आलास. मी पडदा दाखवते आहे, टाईप करून तुझं नाव दाखवते आहे, आणि तू बघतच नाहीस. मान तिरकी करून ऐकतो आहेस. किनाऱ्यावर वलांडीच्या बांबूंना बोंबील टांगता टांगता तू सांगायचास की ही कुणाची बोट येते आहे आणि तिच्या मशीनला काय झालंय. होडी दिसायच्या आधी. तसंच इथेही केलंस. खोक्यावर हाताचा पंजा ठेवलास आणि म्हणालास, "आतला काय तरी धरतंय गो. गरम हाय तवर फिरल. ह्याला बंद नको करू. एकदा का पुरा थंड झाला ना, मग उटणार नाय." साहेब दारातून हसले. तू गेल्यावर मी एका चिठ्ठीवर 'बंद करू नये' असं लिहून ती खोक्याला चिकटवली. पाच वर्षं ते यंत्र रात्रंदिवस चालू राहिलं. खंडेनवमीला कारखान्यातली झाडून सगळी यंत्रं बंद करून पुजायचे, वजनकाट्यापासून लिफ्टपर्यंत. माझं तेवढं झेंडूचं फूल डोक्यावर घेऊन घरघरत बसायचं. साहेब म्हणायचे, "बाई, तुमच्या मशीनला सणाचीही सुट्टी नाही."

आता आकड्यांचं सांगते, जे तुला कधीच नीट सांगितलं नाही. सुरुवातीच्या वर्षातच साहेब एकदा खोलीत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, हा आकडा जरा मर्यादेत बसवून घ्या." वाईट माणूस नव्हता तो. त्याला वरून कोणी सांगितलं होतं आणि त्याच्या वरच्याला आणखी कोणी. मी बसवून घेतला. पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग त्यांना सांगावंही लागेना. पण कॉलेजातल्या आमच्या बाई नेहमी बजावायच्या की पहिलं रीडिंग कधी फेकायचं नाही, आणि ती सवय हाताला लागली होती. मी खरे आकडे एका वेगळ्या फाईलमध्ये भरत गेले. फाईलला आपल्या होडीचं नाव दिलं. शौर्य वगैरे काही नव्हतं त्यात, तू तसं समजू नकोस. कागदी वह्या दर महिन्याला वरच्या ऑफिसात जायच्या आणि परत दिसायच्या नाहीत, त्यामुळे खरं काय ते फक्त त्या घरघरणाऱ्या खोक्यात उरलं होतं.

पुढे काही वर्षांनी नवापूरला आणि शेजारच्या दांडीला मासे पोट वर करून यायला लागले. जाळ्याला काळा चिकट थर. गावात बैठक बसली, मोर्चा काढायचं ठरत होतं, आणि तू उभा राहून म्हणालास, "माजी पोरगी तितंच हाय. तिला इचारतो, मग बगू." मला विचारायला आलास. मी तुला छापील कागद दिला, बसवलेल्या आकड्यांचा. तू तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेलास आणि बैठकीत सगळ्यांना दाखवलास. कंप्युटर काय खोटा बोलल, असं तू म्हणालास हे मला आईने सांगितलं. लोक गप्प झाले. तुझ्या शब्दाला तेव्हा वजन होतं. मोर्चा राहिला आणि दोन वर्षं अशीच गेली.

दोन वर्षांनी तू माझ्या बोईसरच्या खोलीवर आलास तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. मी स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या थापते आहे, तू उंबऱ्याशी पाटावर बसला आहेस. होडी आठ दिवसांत दोनदा रिकामी आली होती. तू माझ्या हातांकडे बघत होतास. मग विचारलंस, "त्या कागदावरचा खरा व्हता?" मी भाकरी उलटली. "दुसरा कागद हाय का तुज्याकडं? खरावाला?" मी म्हटलं, "आहे." तू ओरडशील असं वाटलं होतं. तू फक्त म्हणालास, "मंग दे. पालगरला मोटा साहेब येणार हाय ऐकायला. आमी नुसता तोंडानं बोलतो, कोन ऐकतो आमचा?" मी म्हटलं, दसऱ्यानंतर देते. ताट वाढलं होतं, तू जेवला नाहीस. "माज्यानं गाव गप बसला, पोरी," असं म्हणून चपला घातल्यास आणि गेलास. माझ्यावर तू आयुष्यात केलेला राग म्हणजे तेवढाच.

मी घाबरले होते बाबा. ह्यांचा कारखाना बंद पडला होता, पोरगा पहिलीत होता, आणि ती फाईल माझ्याच हातची आहे हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आजही ही कारणं मला खोटी वाटत नाहीत. चार दिवस मी फाईल उघडायची आणि मिटायची. प्रिंटरला कागद लावून ठेवला होता, बोट तेवढं पुढे जाईना. पुसून टाकायलाही ते धजेना.

मग खंडेनवमी आली. कारखान्यातल्या पोरांनी सकाळपासून यंत्रं पुसली, झेंडूच्या माळा केल्या. साहेब ताट घेऊन काचेच्या खोलीशी आले आणि सवयीने म्हणाले, "तुमचं चालूच ना?" मी म्हटलं, "नको, यंदा बंद करू. सगळ्यांची होतात." चिठ्ठी मी स्वतः सोलून काढली. बटण दाबलं. तो आवाज एका पट्टीवरून उतरत उतरत खाली आला, शेवटी काहीतरी घासल्यासारखं झालं आणि थांबला. मी खोक्याला हळदकुंकू वाहिलं, वर फूल ठेवलं. हात जोडले तेव्हा डोळे मिटले होते, पण देवाला काही मागितलं नाही. काय होणार ते तूच मला सांगून ठेवलं होतंस. दसऱ्याची सुट्टी झाली, तिसऱ्या दिवशी बटण दाबलं तर नुसता खटका. पुन्हा खटका. दुरुस्तीवाल्याने आतल्या फाईलसकट खोकं नेलं आणि नवं आणलं.

तू ओट्यावर जाळं सांधत होतास. मी म्हटलं, "बाबा, लाईट गेली होती. मशीन बंद पडलं ते उठलंच नाही." तू सुई थांबवलीस. "किती वेळ गेलती?" मी म्हटलं, तासभर. हे बोलले आणि माझ्याच लक्षात आलं. लाईट गेली तर एसीही गेला. आश्विनातला उकाडा, बंद काचेची खोली. तिथे तासाभरात काय थंड होतंय? ज्याने आयुष्यभर मशीनं हाताने चाचपली त्याला मी हे सांगत होते. तू माझ्याकडे बघितलंस, फार वेळ नाही. मग सुई पुन्हा चालू केलीस आणि म्हणालास, "थंड झाला आसल. तुजा काय दोष." त्या संध्याकाळी बैठकीत जाऊन तू सांगितलंस की माज्या पोरीकडं काय नाय. त्यानंतर गावाने तुला कधी काही विचारलं नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर तू मशीन उतरवून विकलंस आणि होडी किनाऱ्यावर उपडी करून ठेवलीस. तिच्या सावलीत तू बसायचास. मी सणावाराला यायचे, तू पोराला खेळवायचास, माझ्याशी नोकरीची चौकशी करायचास. त्या गेलेल्या लाईटचं नाव मात्र आपल्या दोघांत पुन्हा कधी निघालं नाही.

अजून त्याच लॅबमध्ये आहे मी. काचेची खोली पाडली, चपला घालून सगळे फिरतात. टेबलावरचे कंप्युटर वहीएवढे झाले आणि काडीचा आवाज करत नाहीत. चालू आहे की बंद, दिवा बघून कळतं. तपासणीचे आकडे आता यंत्रच परस्पर पाठवतं, मध्ये माणूस नाही, असं सगळीकडे सांगतात. ते यंत्र कुठल्या पाण्यात बुडवायचं एवढं माणसाच्या हातात आहे. कोपऱ्यात एक निळी बादली असते. नळाच्या पाण्याची. साहेबांच्या खुर्चीत आता मी बसते. नवापूरला गेले की भाऊ डोळे चुकवतो. त्याचा मुलगा आमच्याच शेजारच्या कारखान्यात ठेकेदाराकडे आहे, त्यामुळे बोलायची सोय राहिलेली नाही. समुद्राचं विचारू नकोस.

शुक्रवारी फोनवरचा तो आवाज चालू ठेवूनच मुलीने मला आणखी एक गोष्ट विचारली. ती तुला सांगायला नको असं आधी वाटलं होतं. नाल्यावरून आणलेल्या पाण्याची बाटली तिच्या हातात होती. म्हणाली, "मॅडम, हे खरं रीडिंग मी कुठे वेगळं लिहून ठेवू का? असू दे आपलं." तिच्या तोंडावर काही नव्हतं, नुसती कॉलेजातली सवय. तिलाही कुणीतरी बजावलेलं असणार. मी तिच्याकडे बघितलं, फार वेळ नाही. म्हटलं, "कशाला?" तिने बाटली बेसिनमध्ये ओतली.

हा कागद मी फाडणार नाही आणि नवापूरला तुझ्या फोटोपुढेही ठेवणार नाही, भाऊ वाचेल. खोक्यात बाकीच्या कोऱ्या कागदांखाली जाईल. राहिलं ते एवढंच की त्या खंडेनवमीला आवाज थांबला तेव्हा खोलीत एकदम इतकं शांत झालं, आणि बाबा, मला बरं वाटलं. रडू नाही आलं, भीती नाही वाटली, पाच वर्षांनी कानाला बरं वाटलं. शुक्रवारी मुलीने फोन बंद केला तेव्हाही तसंच वाटलं.