डब्यात उरलेला वीस

सोमवार, ९ जानेवारी १९८४

आली! आमच्या रविवारच्या खेळाची नवी आवृत्ती आली! अमेरिकेतल्या धाकट्या भावानं पाठवलेलं पार्सल दारातच ठेवलेलं. चपला काढायच्या आधी दोरी कापली.

एका पुस्तकाची दोन झाली आहेत — एक खेळणाऱ्यांचं, एक पंचाचं. आणि पहिल्याच पानावर सगळं स्वच्छ: पंचानं समोर काय आहे ते सांगायचं, बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या वतीनं काय करणार ते बोलायचं, जमलं की फसलं ते आकडा ठरवणार — मोठा आला तर जमलं. एवढंच! जुन्या पुस्तकातून हे उकलायला मला १९७९ चा सबंध उन्हाळा लागला होता.

आणि फासे! जुन्या खोक्यात फासे नव्हतेच, नुसत्या एक ते वीस आकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या. हा वीस तोंडांचा फासा बोराएवढा. आकडे कोरलेत, पण रंग नाही — सोबत मेणाचा खडू, तो आपणच घासून भरायचा. घासत बसले. वांगी करपली! हे हिंगण्याहून, कामावरून आले, वास घेतला आणि म्हणाले, "काहून, आज राक्षस सैपाकघरातच घुसला का?"

मंगळवार, १०

दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहते आहे. जुन्यात विळा मारा की तलवार, जखम सारखीच. नव्यात हत्यारागणिक वेगळी! शेजारच्या भैयाजींना कुंपणावरून सांगितलं. सुताचे व्यापारी, पण रविवारी आमचे तलवारबहाद्दर. "म्हणजे मॅडम, मी पाच साल तलवार फालतूच उचलून राहिलो का?"

बुधवार, ११

वाईट सापडलं. जुन्याच पुस्तकात, शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक टाइपात: काढलेली चिठ्ठी प्रत्येक वेळी परत टाकावी.

आम्ही कधीच टाकली नाही! पहिल्या दिवशी जनाबाईंनी — माझ्या थोरल्या नणंद — चिठ्ठ्या डालड्याच्या डब्यात भरल्या. त्या बायकांची भिशी चालवतात. भिशीत एकदा निघालेली चिठ्ठी परत जात नाही, सगळ्यांचा नंबर लागेपर्यंत. तीच रीत इथे आली आणि आम्हाला कुणाला खटकलीसुद्धा नाही. मी कॉलेजात संभाव्यता शिकवते! वा, बाई!

गुरुवार, १२

सांगावं की नाही?

गेल्या रविवारी खेळ ऐन गुहेच्या तोंडाशी थांबला. आत आग ओकणारा अजगर. त्याच्या अंगावर पहिली जाणार जनाबाईंची बिजली — पाच वर्षं एकाच पात्रावर खेळल्यात त्या. आणि डब्यात थोड्याच चिठ्ठ्या उरल्यात. लहान आकडे बहुतेक निघून गेले, वीस अजून आतच. सगळ्यांना ठाऊक आहे. डबा कुणी हलवू नये म्हणून जनाबाईंनी तो देवाजवळ ठेवलाय.

फासा टाकायचा तर वीसही येईल, एकही येईल. बिजली मरू शकते. घरात कधी मोठ्यानं न बोलणाऱ्या जनाबाई रविवारी "दार फोड!" म्हणून ओरडतात. बिजली गेली आणि त्या खेळातून उठल्याच तर?

हा रविवार जुन्या रीतीनं होऊ द्यावा, मग सांगावं? पण माहीत असून गप्प बसणारा पंच — तो कसला पंच? की मला नुसती नव्या फाशांची हौस आहे आणि तिला मी सचोटी म्हणते आहे? तेही असेल.

शनिवार, १४

संक्रांत. गच्चीवर पतंगांचं "ओ काट!" चाललंय. तिळगूळ देताना जनाबाई हळूच म्हणाल्या, "वैनी, उद्या अजगराले पाह्यतोच मी."

रविवार, १५

सांगितलं. खेळाच्या आधीच.

भैयाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "भिशीचा अजगर मारून राहिलो होतो म्हणजे आपण!" हे म्हणाले, "आजच्या दिवस चिठ्ठ्याच राहू दे. पुढच्या खेपेपासून फासे. पंचाले मंजूर?" मी हो म्हणणार होते. खरंच म्हणणार होते!

जनाबाई उठल्या, देवाजवळचा डबा आणला आणि सगळ्या चिठ्ठ्या सतरंजीवर ओतल्या. वीस वरच पडला.

"फासा दे वं."

"अक्का, वीस डब्यात होता ना," हे म्हणाले.

"मले माहीत होतं. बिजलीले कुठं माहीत होतं? ते तशीच जाय ना!"

मी विचारलं, दर वेळी विचारते तसं — बिजली काय करते?

"आत जाते."

फासा भिंतीला लागून परत आला. तीन.

अजगरानं काय केलं ते मीच सांगायचं होतं, सांगितलं. जनाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मग एकदम मांडीवर थाप — "मेली! पण काय गेली वं! पाह्यलं का भैयाजी?" भैयाजी म्हणाले, "पाह्यलं ना! मी तं तिच्या मांगंच होतो!" आणि मग जे सुरू झालं! सगळे एकदम बोलत होते, चहा तसाच राहिला. पाच वर्षांत असा रविवार झाला नाही!

मंगळवार, १७

जनाबाई नवीन पात्र घेत नाहीत. विचारलं तर "पाहू". मी धसका घेतला. संध्याकाळी कणीक मळताना म्हणाल्या, "ते दुसरं पुस्तक वाचून दाखव. मराठीत सांग." दुसरं म्हणजे पंचाचं. मनात आलं, मी चुकीचं खेळवते का ते तपासून राहिल्यात.

शुक्रवार, २०

रोज वाचते आहे. प्रश्नांवर प्रश्न! "अन् राक्षस पळाले तं?" पुस्तकात नाही म्हटलं. "नाही तं नाही. आपण ठरवू."

रविवार, २२

आज माझ्या, पंचाच्या जागेवर जनाबाई बसल्या होत्या. मला समोर बसवलं, भैयाजींच्या शेजारी.

"भुयार हाय. डावीकडून थंडी हवा येऊन राह्यली. उजवीकडं कोनीतरी रडून राह्यलं. बोल वैनी, तू काय करतं?"

पाच वर्षं मीच विचारत आले हे! हात आपोआप पुस्तकाकडे गेला. त्यांनी ते ओढून मांडीखाली घातलं.

"उजवीकडे," म्हणाले मी. आणि फासा मुठीत घेतला!