टेकडीवरचा चंद्र

३ तारीख, शनिवार

आकाशगंगा बघायला इस्त्रीचा शर्ट लागतो? नवरा आपला पाठीला बॅग लावून गेला. आत ती नवी रोबोट दुर्बीण. हिला डोळा लावायचा नाही, मान वाकडी करायची नाही. आपली आपण तारे शोधते, फोटोवर फोटो रचते आणि चित्र फोनवर पाठवते. "टेकडीवर अंधार छान असतो गं," म्हणे.

आला तो पोट भरून. डबा जसाच्या तसा. बुटांना चिमूटभर माती नाही!

६ तारीख

भाजी निवडता निवडता विचारतो, "मानेचे मणके झिजले की वर बघताच येत नाही का?"

मी दिवसभर लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढते, तेव्हा मलाच विचारणार. पण कोणाची मान? "असंच." असंच कोणी कोणाच्या मानेची काळजी करत नसतं. कुठेतरी पाणी मुरतंय.

७ तारीख

ह्याच्यासाठी मी बाबांचं घर सोडलं. "तो तुला फसवेल," एवढंच म्हणाले होते बाबा. त्यानंतर ना मी गेले, ना त्यांनी बोलावलं. आता त्यांचंच खरं ठरलं तर कोणत्या तोंडाने जगू? भीती वाटते. खरंच वाटते.

१० तारीख, शनिवार

पुन्हा इस्त्री. आणि आज म्हणे डबाच नको!

११ तारीख, रविवार

तो अंघोळीला गेला आणि मी दुर्बीण चालू केली. तिचं अ‍ॅप माझ्या फोनवर घेऊन ठेवलं होतं. दुसराही फोन जोडता येतो – नुसतं बघायला. दुर्बीण फिरवायचा ताबा हवा असेल तर पहिल्या फोनकडे मागायचा. फोटो सगळे तिच्याच पोटात. ताऱ्यांच्या गर्दीत बाई शोधत बसले, वेडी!

बाई नाही. कालचा चंद्र. नुकता उगवलेला, आणि त्याच्या खालच्या कडेवर एक काळी सावली. सावल्या वाचणं हाच माझा धंदा. धुराडं होतं ते. वरची टोपी डावीकडे कलंडलेली. टेकडीवर कुठलं आलंय धुराडं?

आणि मग ओळखलं. ती टोपी वादळात कलंडली तेव्हा मी शाळेत होते. माहेरच्या गल्लीतल्या बेकरीचं धुराडं. त्याच्यामागून चंद्र उगवताना एकाच गच्चीवरून दिसतो. बाबांच्या.

म्हणजे ती मान बाबांची.

माझ्यामागे ह्या दोघांचं गूळपीठ! चिडावं की काय करावं कळेना. नळ सोडून रडून घेतलं. ह्याला काही बोलले नाही. मुद्दामच.

१७ तारीख, शनिवार

त्याच्या पाठोपाठ गेले. बेकरीसमोर उभी राहिले. गल्ली तीच, जिना तोच, पण पायरीवर पाय ठेवायचं धाडस होईना. फोन जोडला. वर कृत्तिका लावल्या होत्या, एकेक तारा हळूहळू उजळत होता. मी ताबा मागितला. बराच वेळ काही नाही. मग मिळाला. दुर्बीण वळवली, धुराड्याच्या बाजूला.

वरून बाबांचा आवाज आला, "अहो जावईबापू, ही आपोआप कशी फिरली?"

मी खालून ओरडले, "आपोआप नाही, बाबा. तुम्हाला वर बघता येत नाही ना? जरा खाली बघा."