धाकट्याच्या थुंकीचा रिपोर्ट

धाकट्या,

तुझ्या थुंकीचा रिपोर्ट आज घरच्या पत्त्यावर आला. तू आता इथं राहत नाहीस, हे दवाखान्याला ठाऊक नाही. मी तो घेऊन नर्सबाईंकडे गेले.

मला टीबी झाला तेव्हा मी सहा महिन्यांत बरी झाले होते. वर्षभरानं तुला झाला. गोळ्या त्याच, पण पाचव्या महिन्यातही तुझा खोकला हटेना. तू गोळ्या टाकून देत असशील म्हणून मी त्या गादीखाली, कपाटामागे, मोरीच्या जाळीत शोधल्या. एकही सापडली नाही. तरी आईसमोर म्हणाले, "मी बरी झाले ना? हाच गोळ्या चुकवतो."

"ताई, तू तरी असं म्हणू नकोस," एवढंच तू बोललास आणि दुसऱ्या दिवशी मित्राच्या खोलीवर राहायला गेलास.

नर्सबाई म्हणाल्या, "टीबीच्या जंतूंतही प्रकार असतात. तुमच्या जंतूवर नेहमीच्या गोळ्या चालल्या. भावाचा जंतू वेगळा आहे, मुख्य दोन औषधांना तो दादच देत नाही. रोज गोळ्या घेऊनही ते बरे झाले नसते. औषध बदलायचंय, त्यांना लगेच घेऊन या."

पत्र पाठवणं सोपं आहे. तू वाचताना मला तुझ्या तोंडाकडे पाहावं लागणार नाही. म्हणूनच हे पाठवत नाही. रिपोर्ट घेऊन मीच निघाले आहे. दार उघडलंस तर समोर बसून सांगेन. नाही उघडलंस तर बाहेरूनच मोठ्यानं सांगेन, की चूक तुझी नव्हती, माझी होती. शेजारपाजाऱ्यांनाही ऐकू जाऊ दे.

तुझ्यावर विश्वास न ठेवलेली,
ताई