खुर्चीसाठी तुम्ही सुचवलेलं नाव

भाऊ, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग अजून ताजाच आहे. उगाच गोड बोलून सुरुवात करत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी चंद्रपूरला हिशेब तपासणीच्या कचेरीत लागले, तेव्हा तुम्ही तिथले मुख्य तपासनीस. पद इंग्रजांच्या वेळचं, आणि तुम्ही त्या खुर्चीत बसायचातही तसेच ताठ. पहिल्याच दौऱ्यावर, चामोर्शीच्या एका कचेरीत, बाबूने पुढे केलेला चहा मी उचलला आणि तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "कप खाली ठेव, पोरी. ज्याचा हिशेब पाहाले आलो, त्याचा चहा प्यायचा नाई. इंग्रजाच्या काळापासूनचा नेम आहे." मला रडू फुटायचं बाकी होतं. परतल्यावर तुम्ही तुमचा थर्मास मला देऊन टाकलात. तो मी वर्षानुवर्षं दौऱ्यावर मिरवला. चहा घरचा, डबा घरचा.

मग भामरागडचा तो पावसाळा. नदीला पूर, रस्ता बंद, डबा केव्हाच संपलेला. ज्या कचेरीची तपासणी चालली आहे, तिथल्या शिपायाची बायको गरम भात-वरणाचं ताट घेऊन येते. मी नको म्हणते. ती ताट हातातच धरून विचारते, "आमच्या हातचं चालत नाई का, बाई?" ती गोंड आदिवासी, मी चंद्रपूरहून आलेली साहेबीण; मी विटाळ मानते, याशिवाय तिला दुसरं काय वाटणार? मी तुमचा नेम समजावत राहिले आणि ती निघून गेली. पूर उतरेपर्यंत मी मुरमुऱ्यांवर दिवस काढले. तुम्हाला कळलं की शाबासकी द्याल, एवढाच काय तो आधार.

तुमची निवृत्ती आली. वरून विचारणा झाली, तुमच्या मागे कोण? जाणाऱ्याचा शब्द मानायचा, हीसुद्धा त्या कचेरीची जुनीच पद्धत. उमेदवार दोघंच. एक मी, आणि दुसरा भद्रावतीहून रोज बसने येणारा तो, दौऱ्यावर जाईल तिथे कोंबडीचा रस्सा ओरपणारा, सगळ्यांचा लाडका. तुम्ही त्याचं नाव दिलंत. मला समोर बसवून म्हणालात, "तुह्या कामात खोट नाई. पण लोकं तुले भिऊन राह्यले. भामरागडले त्या बाईचं ताट परत केलं तू, अजून बोलतात. त्या खुर्चीवर माणसं सांभाळणारा पाहिजे." भाऊ, ते ताट परत करायला मला कोणी शिकवलं होतं? "मग मले शिकवलंच काऊन?" हे अगदी ओठावर आलं होतं. पण मी नुसतं "बरं" म्हणाले आणि तुमच्या निरोपाचा हार आणायला बाजारात गेले. हार चांगला निवडून आणला, त्याचीही मला चीड येते.

तो निवृत्त झाल्यावर ती खुर्ची मला मिळाली, ज्येष्ठतेने, रेशनच्या रांगेत नंबर लागावा तशी. तोवर तुम्ही नव्हतात. कोणी विचारलं तर सांगते, मला त्या खुर्चीची हाव कधीच नव्हती. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून खरं लिहिते. होती, भाऊ. फार होती. पण ती तुमच्या हातून हवी होती.